‘इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी’ला मराठीत काय म्हणाल? आणि तो हक्क कसा काय?

तळटीप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा. औषधाच्या डबीतले घडीचे कागद, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, भाडेकरार, असलंच सगळं. या वेळी एका वाचनगटाने जरा वेगळं काम दिलंय आणि मी चार दिवस त्यात रुतून बसले आहे.

काम असं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने २००५ साली ‘मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय सॉलिडॅरिटी’ या विषयावर एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचं ठरवलं. पहिले इंडोनेशियाचे रुडी मुहम्मद रिझकी. त्यांच्यानंतर फिलिपीन्सच्या व्हर्जिनिया दांदान आल्या आणि त्यांनी २०१७ साली या हक्काच्या जाहीरनाम्याचा मसुदा मानवी हक्क परिषदेपुढे ठेवला. पुढे ओबिओरा ओकाफोर यांनी २०२३ मध्ये तो सुधारून दिला. माझ्याकडे दांदानबाईंचा मसुदा आहे, तो मराठीत आणायचाय.

पहिली अडचण शब्दाची. वहीच्या मागच्या पानावर यादी केलीय. ‘एकता’ लिहिलं की सरकारी फलक डोळ्यांपुढे येतो. ‘एकजूट’मध्ये मोर्चा आहे, एका बाजूची माणसं एकत्र आणि समोर कुणीतरी विरोधात. ‘पाठिंबा’ फार स्वस्त, तो खिशात हात घालून लांब उभं राहूनही देता येतो. ‘सहवेदना’ शोकसंदेशातली. ‘बंधुता’ त्यातल्या त्यात जवळचा, पण त्याने मला एक जुनी गोष्ट आठवते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ होतं, ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. आणि त्याच कलमाच्या शेपटाला ‘ब्रदरहूड’ मात्र तसंच राहून गेलं! दार उघडून दिलं बाईंनी, पण आतल्या खोलीवर पाटी भावांचीच. मग उरते ‘बांधिलकी’. तिच्यात निदान बांधलेपण आहे, पण भाषणांत आणि परिसंवादांत वापरून वापरून तिचा ताव गेलाय.

दुसरी अडचण मोठी. मसुद्यात हक्काची व्याख्या आहे ती ढोबळ मराठीत अशी: सगळे मानवी हक्क पूर्णपणे प्रत्यक्षात येऊ शकतील अशा सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत अर्थपूर्ण भाग घेण्याचा, तिला हातभार लावण्याचा आणि तिचा लाभ घेण्याचा हक्क, तोही व्यक्तींना आणि लोकसमूहांना, समानतेने आणि भेदभावाविना. हे वाक्य मी तीनदा लिहिलं. व्याकरण बसलं, अर्थ बसेना. हक्क म्हटला की त्याला निदान दोन विभक्त्या लागतात ना? कुणा*चा* आणि कुणाकडू*न*. इथे षष्ठी सापडते, पंचमीचा पत्ता नाही.

तर प्रश्न दोन. शब्द कुठला वापरू? आणि हे खरंच हक्क या जातीचं काही आहे की नुसती सदिच्छा?

---

रोखठोक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याची गरज उरणार नाही. सदिच्छा आहे.

ज्याच्यासाठी कुणाची कॉलर धरता येते तो हक्क. इथे कुणाची धरणार? १९७० साली महासभेत ठरलं की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकासाच्या मदतीसाठी द्यावी. अर्धं शतक उलटलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे बोटांवर मोजण्याइतके देश तो आकडा नेमाने गाठत आले. बाकीच्यांना कुणी विचारलं? आकडा ठरलेला, देणारा ठरलेला, तरी ही गत. आणि तुमच्या मसुद्यात तर आकडाही नाही.

दुसरं. हे ठराव परिषदेत पुढाकार घेऊन कोण मांडतं ते बघा. क्युबा. विरोधात युरोपीय देश आणि त्यांचे मित्र. बाकीचे गरीब देश बाजूने. १९८६ च्या ‘विकासाच्या हक्का’च्या जाहीरनाम्यालाही १४६ मतं बाजूने, ८ तटस्थ आणि विरोधात एकटी अमेरिका. म्हणजे घेणारे हात वर करतात आणि देणारे खिसा दाबून धरतात. याला मी हक्क म्हणत नाही, घासाघीस म्हणतो. शिवाय स्वतःच्या देशात तोंड उघडणाऱ्याला गजाआड करणारी सरकारं बाहेर येऊन जगाच्या भाईचाऱ्यावर बोलू लागली की मला कसंतरीच होतं.

---

पोटकलम

तळटीपताई, मी हा विषय शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. रोखठोक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, बाकीशी अर्धवट.

तुमची पंचमी अगदीच बेपत्ता नाही, विखुरलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची ५५ आणि ५६ ही कलमं वाचा. मानवी हक्कांच्या पालनासाठी एकत्र आणि वेगवेगळं काम करण्याचा शब्द सगळ्या सदस्य देशांनी तिथे दिलाय. १९४८ च्या जाहीरनाम्याचं कलम २८ म्हणतं की हे हक्क पूर्णपणे मिळू शकतील अशी सामाजिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्था हा प्रत्येकाचा हक्क आहे. तुमच्या मसुद्यातलं वाक्य ओळखीचं वाटलं का? ते तिथूनच आलंय. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा करार तर पाळणं बंधनकारक असलेला दस्तऐवज आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात देशांनी स्वतः आणि आंतरराष्ट्रीय साहाय्य व सहकार्यातून पावलं उचलायची आहेत. (अमेरिकेने त्यावर १९७७ मध्ये सही केली आणि पुढे संमती दिलीच नाही. सही करून जेवायला बसायचं आणि बिल आलं की हात धुवायला उठायचं, तसं.)

अगदी अलीकडचं म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं २३ जुलै २०२५ चं हवामानबदलावरचं मत. त्यात सहकार्याचं कर्तव्य हा रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग धरलाय. म्हणजे अमुक करारावर सही नाही म्हणून सुटका नाही. ते मत सल्ल्यापुरतं आहे, कबूल. पण ते मागायची कल्पना निघाली पॅसिफिकमधल्या एका विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून, २०१९ मध्ये. वानुआतूसारख्या चिमुकल्या देशाने ती उचलली आणि २०२३ च्या मार्चमध्ये महासभेने एकमताने न्यायालयाकडे धाडली. कॉलर धरता आली नाही, पण दार तरी ठोठावता आलं.

आता शब्द. ‘सॉलिडॅरिटी’चं मूळ भावनेत नाही, कर्जाच्या व्यवहारात आहे. रोमन कायद्यात ‘इन सॉलिडम’ म्हणून एक प्रकार होता. चौघांनी मिळून कर्ज काढलं तर सावकार त्यातल्या कुणाही एकाकडून सगळं वसूल करू शकतो. ‘माझा चौथा हिस्सा घ्या आणि मला सोडा’ हे चालत नाही. तिथून तो फ्रेंच दिवाणी कायद्यात आला आणि एकोणिसाव्या शतकात राजकारण्यांनी उचलला. लिआँ बूर्ज्वा हे फ्रान्सचे एके काळचे पंतप्रधान. त्यांचं म्हणणं होतं की माणूस जन्मतःच समाजाचा ऋणको असतो. हेच गृहस्थ पुढे १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या कौन्सिलच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हा कर्जाची भाषा आंतरराष्ट्रीय व्यवहारात शिरली ती काही काल-परवा नव्हे.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला विचाराल तर ‘जामीन’. कोर्टातून सुटायचा तो नव्हे. ‘मी त्याला जामीन आहे’ यातला.

---

तळटीप

‘जामीन’! वहीत लिहून घेतला. अर्थात ‘आंतरराष्ट्रीय जामिनाचा हक्क’ असं छापलं तर वाचनगट मलाच जामीन शोधायला लावेल.

---

नवाच_आहे

डॉ. कोटणीसांचं नाव अजून कुणीच कसं काढलं नाही? १९३८ मध्ये पाच डॉक्टर चीनला गेले, कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. वयाच्या ३२ व्या वर्षी. याहून मोठी आंतरराष्ट्रीय बांधिलकी कुठली?

---

रोखठोक

मोठीच. पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. कोटणीस गेले हा त्यांचा मोठेपणा. ते गेले नसते तर चिनी जखमी सैनिकांना ‘आमचा हक्क डावलला’ असं म्हणता आलं असतं का? नाही ना? मग विषय संपला.

---

दर्यावर्दी

विषय संपला नाही. मी इथे सहसा वाचूनच जातो, पण ‘कुणाकडून’ या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण आमच्या धंद्यात त्याचं उत्तर आहे आणि ते खूप जुनं आहे.

मी बत्तीस वर्षं जहाजांवर काढली. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मी चीफ ऑफिसर होतो, रिकाम्या बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणारं मोठं जहाज), भूमध्य समुद्रात. पहाटेची चार ते आठची वॉच माझी. रडारवर काही नव्हतं; लाकडी होडी छोटी असली तर लाटांच्या गर्दीत रडारला दिसतच नाही. दिसली ती माझ्याबरोबरच्या खलाशाला, डोळ्यांनी. तो म्हणाला, साहेब, तिकडे कुणीतरी शर्ट हलवतंय.

कॅप्टनना उठवलं. ते बनियनवरच ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत आले, दुर्बीण लावली आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: “किती वाजता वळलो ते लॉगमध्ये लिही.” लॉग म्हणजे जहाजाची नोंदवही. वळायचं की नाही ही चर्चाच झाली नाही. मला तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

माणसं वर घेणं वाचायला सोपं वाटतं. रिकामं जहाज पाण्याबाहेर किती उंच असतं ते किनाऱ्यावरच्यांना कळत नाही. आमचं डेक होडीपासून तीन मजले वर होतं. जहाज आडवं घालून वाऱ्याला आडोसा केला, तरी होडी दर लाटेला दीड-दोन मीटर वर-खाली होत होती. दोराची शिडी टाकली. धडधाकट पुरुष चढले, पण दोन रात्री होडीत काढलेल्या बाईच्या हातात शिडी धरण्याइतकी ताकद नसते. मग स्टोअरच्या क्रेनला जाळं लावून, त्यात आमचाच एक माणूस बसवून एकेकीला वर घेतलं. तीन तास लागले. एकतीस माणसं, त्यांतली चार मुलं. आम्ही स्वतः बावीस, चार देशांचे. जहाजाचा झेंडा पाचव्या देशाचा, मालक सहाव्याचा. वर आलेली माणसं कुठली, हे त्या तीन तासांत कुणी विचारलं नाही. विचारलं ते नंतर, रेडिओवरून, किनाऱ्याने.

आणि गोष्ट खरी तिथून सुरू होते. जवळच्या बंदराने सांगितलं, पुढच्या बंदरात न्या. पुढच्याने सांगितलं, तुम्ही ज्या हद्दीत उचललंत तिथे विचारा. कंपनीच्या ऑफिसातून दिवसातून तीन फोन. उशिराचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या जागी तोही बरोबर असेल. अडीच दिवस आम्ही पाण्यावर घिरट्या घातल्या. बावीस माणसांच्या संडासांत त्रेपन्न माणसं, एवढंच सांगतो. शेवटी एका देशाच्या तटरक्षक दलाची बोट आली आणि त्यांना घेऊन गेली. पुढे त्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

आता कायदा. १९१० च्या ब्रुसेल्स करारात लिहिलंय की समुद्रात बुडण्याच्या धोक्यात सापडलेल्या प्रत्येकाला, *तो शत्रू असला तरी*, कॅप्टनने मदत केलीच पाहिजे. स्वतःचं जहाज आणि त्यावरची माणसं गंभीर धोक्यात येत नसतील एवढीच अट. ‘शत्रू असला तरी’ हे शब्द करारात आहेत, माझे नाहीत. पुढे १९८२ च्या समुद्राच्या कायद्याच्या करारात कलम ९८ आलं. आपला झेंडा लावणाऱ्या जहाजांकडून हे करवून घ्यायची जबाबदारी त्यात देशांवर टाकली.

तेव्हा ताई, तुमची पंचमी. समुद्रावर ‘कुणाकडून’चं उत्तर एका शब्दाचं आहे: जो *जवळ* आहे त्याच्याकडून. तो श्रीमंत आहे का, त्याचा काही संबंध आहे का, हे कुणी बघत नाही. रोखठोक यांना सांगतो, आम्ही थोर नव्हतो. आमचे कॅप्टन तर एरवी एक नंबरचे कंजूष. पण वळलो नसतो तर तो गुन्हा ठरला असता. आमच्या मनाच्या मोठेपणावर त्या एकतीस जणांचं काहीही अवलंबून नव्हतं, आणि तेच बरं होतं.

भोक कुठे आहे तेही सांगतो. कायद्याने माणूस पाण्याबाहेर काढला, जमिनीवर ठेवला नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ४३८ जणांना वाचवलं. कॅप्टन आर्न रिनान. ऑस्ट्रेलियाने ख्रिसमस बेटावर उतरवू दिलं नाही, उलट जहाजावर सैनिक चढवले. पुढच्या वर्षी कॅप्टन, खलाशी आणि कंपनी यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा नान्सेन पुरस्कार मिळाला. त्या प्रकारानंतर २००४ मध्ये करारांत दुरुस्त्या झाल्या आणि २००६ पासून लागू झाल्या: वाचवलेल्यांना सुरक्षित जागी उतरवायला देशांनी एकमेकांत समन्वय साधायचा, कॅप्टनला अडकवून ठेवायचं नाही. तरी २०२० साली माल्टाजवळ एका डॅनिश टँकरवर २७ जण ३८ दिवस अडकून पडले होते. एकट्या कॅप्टनवरचं कर्तव्य पक्कं आहे. देशांचं एकमेकांशी असलेलं कर्तव्य पातळ आहे. तुमचा मसुदा त्या पातळ जागेवरच बोट ठेवत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे.

---

तळटीप

काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

‘जो जवळ आहे त्याच्याकडून’ हे घेऊन मी काल रात्री मसुदा परत काढला. जमिनीवर जवळ कोण, हा प्रश्न उरतोच. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी दिसलं. मी इतके दिवस ‘साथ *मिळण्याचा* हक्क’ असंच वाचत होते. मसुद्यात तीन क्रियापदं आहेत: भाग घेणे, हातभार लावणे, लाभ घेणे. त्यातली दोन देणाऱ्याची आहेत! म्हणजे हा साथ *देण्याचाही* हक्क आहे.

आणि हा भाग सदिच्छेचा मुळीच नाही, कारण तो हिरावून घेता येतो आणि घेतलाही जातो. फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या रोया खोऱ्यातला सेद्रिक एरू हा ऑलिव्ह पिकवणारा शेतकरी. डोंगरातून पायी येणाऱ्या निर्वासितांना त्याने घरात घेतलं, गाडीतून पुढे नेलं. त्याच्यावर खटला. २०१७ मध्ये आधी तीन हजार युरोंचा स्थगित दंड, अपिलात चार महिन्यांची स्थगित कैद. तिथे या गुन्ह्याला लोक काय म्हणतात ठाऊक आहे? ‘देली द सॉलिडॅरिते’, सॉलिडॅरिटीचा गुन्हा. माझ्या शब्दाला गुन्हा म्हणून आधीच जागा मिळालीय, फक्त हक्क म्हणून मिळायची बाकी आहे.

पुढे ६ जुलै २०१८ ला फ्रान्सच्या घटना परिषदेने निकाल दिला की ‘फ्रातेर्निते’, म्हणजे बंधुता, हे नुसतं नाण्यावरचं घोषवाक्य नाही, ते घटनात्मक तत्त्व आहे आणि त्यातून माणुसकीपोटी दुसऱ्याला मदत करण्याचं स्वातंत्र्य निघतं, समोरचा देशात कायदेशीर आहे की नाही हे न बघता. (सीमेच्या आत आणायला मदत करणं मात्र त्यात बसत नाही. घरात आल्यावर पाणी देता येईल, दार उघडता येणार नाही.) एरू शेवटी २०२१ मध्ये कायमचा निर्दोष सुटला. आणि दांदानबाईंनंतरचे ओकाफोर, त्यांनी २०१८ च्या सुमारास याच विषयावर, म्हणजे निर्वासितांना मदत करणाऱ्यांना गुन्हेगार ठरवण्यावर, अहवाल दिले होते. तेव्हा मी उगाच ताणत नाहीये, मसुद्याच्या घरातलीच ही गोष्ट आहे.

रोखठोक, कोटणीसांचं उदाहरण मी तुमच्याकडून काढून घेते. चिनी सैनिकांना त्यांच्यावर हक्क सांगता आला नसता, मान्य. पण कोटणीसांना जाऊच दिलं नसतं तर? तेव्हा कुणाचा हक्क डावलला गेला असता?

---

रोखठोक

हुशारी आहे. पण तुम्ही दरवाजा बदललात. मदत करणाऱ्याला अडवू नका, हे जुनंच स्वातंत्र्य झालं. त्याला नवीन नाव, नवीन जाहीरनामा आणि वीस वर्षं तज्ज्ञ कशाला? आणि समुद्रावरचा ‘जवळचा’ जमिनीवर आणून दाखवा. लाखो मैल लांबच्या माणसाला मी जवळचा कसा?

---

पोटकलम

लाखो मैल म्हणजे तुम्ही चंद्राच्याही पलीकडे राहता असं दिसतं. असो.

जवळ असणं अंतरावरच ठरतं असं नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. ढिगाऱ्यात शिवलेले कपडे सापडले, त्यांवर हजारो मैल लांबच्या दुकानांच्या खुणा. त्या दुकानांना कामगार म्हणाले, तुम्ही आमच्या जवळचे आहात, कारण आमच्या पाठीवरची घाई तुमची आहे. पुढच्या महिन्यात ‘अकॉर्ड’ हा कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार झाला. एका बाजूला कपड्यांच्या कंपन्या, दोनशेच्या वर. दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. बाकी दानधर्माच्या योजनांहून वेगळं काय होतं? तो बंधनकारक होता. इमारती तपासायच्या, दुरुस्तीला पैसे कमी पडले तर खरेदीदाराने वाट काढायची, वचन मोडलं तर लवाद. आणि लवादात खरंच नेलं. २०१८ च्या जानेवारीत एका कंपनीने २३ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. रोखठोक, ही घ्या कॉलर.

नवीन नाव कशाला, याचं उत्तर देणं मला जड जातं, खरं सांगतो. मसुद्यातली भाषा मलाही ढगळ वाटते. प्रतिबंधक सॉलिडॅरिटी, प्रतिसादाची सॉलिडॅरिटी, सहकार्य, असे तीन कप्पे केलेत आणि तिसऱ्यात काहीही मावतं. माझी भीती तुमचीच आहे: सरकारं त्याचा अर्थ ‘आमच्या तिजोरीत पैसे टाका आणि प्रश्न विचारू नका’ असा लावतील. म्हणून ताईंनी काढलेली ती दोन क्रियापदं मला महत्त्वाची वाटतात. हक्क व्यक्तींचा आणि लोकांचा आहे, सरकारांचा नाही. भाषांतरात ते पुसट होऊ देऊ नका एवढीच विनंती.

---

रोखठोक

चंद्राचं मान्य. अकॉर्ड हा करार आहे, हक्क नव्हे, यावर मी ठाम आहे. पण करार करायला समोरच्याला बसवता आलं, हे नोंदवून ठेवतो.

---

तळटीप

आज काम पाठवलं. तुमच्यासाठी निर्णय सांगते.

शीर्षकात ‘आंतरराष्ट्रीय बांधिलकी’. ताव गेलेला असला तरी त्यातला ‘बांध’ मला सोडवेना. व्याख्येच्या कलमात ‘लोकसमूहांना’ आधी घेतलं होतं, ते मागे ढकलून ‘व्यक्तींना’ पुढे आणलं; मुळातही तसंच आहे, मीच ओघात उलटं केलं होतं. ‘हातभार लावण्याचा’ हे शब्द वेगळे तोडून लिहिले, नजरेतून सुटू नयेत म्हणून. आणि जिथे जिथे मुळात नुसतं ‘सॉलिडॅरिटी’ क्रियापदासारखं येतं तिथे ‘साथ देणे’. वाचनगटाच्या बाई म्हणाल्या, फार साधं झालंय, सरकारी वाटत नाही. मी म्हटलं, आभारी आहे.

दर्यावर्दी काका, एक राहिलंच. त्या दिवशी लॉगमध्ये तुम्ही नक्की काय लिहिलं होतं?

---

दर्यावर्दी

जास्त काही नाही. वेळ, ०५४०. मार्ग बदलला. कारण: ‘पर्सन्स इन डिस्ट्रेस’. खाली सही. लॉगमध्ये विशेषणं लिहीत नाहीत.

---

तळटीप

‘डिस्ट्रेस’. आता याला मराठीत काय म्हणायचं? ‘संकट’ पुरत नाही, ‘विपत्ती’ कीर्तनातली वाटते.

नको, इथे नको. त्यासाठी वेगळा धागा काढते.